मुलांच्या कलाने चालणारी कोकणातली शाळा : रोजचा दिवस नेमका कसा जातो?

सुरंगी

दुसऱ्या एका धाग्यावर पर्यायी शाळांचा विषय निघाला होता. तिथे दोघा-तिघांनी लिहिलं की अशा शाळांत मुलं दिवसभर खेळतात आणि शिक्षक नुसते बघत बसतात. मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका छोट्या मराठी शाळेत शिकवते. बालवाडी ते आठवी, एवढीच शाळा. तिथला प्रतिसाद फार लांबला असता म्हणून वेगळा धागा काढते आहे. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लहान गावात मूल कोणाचं ते लगेच ओळखू येतं.

शाळा साडेआठची, पण मुलं आठपासून यायला लागतात. आल्यावर पहिलं काम झाडलोट. शिपाई नाही. आंब्याचा पालापाचोळा काढणं, पाण्याची पिंपं भरणं, परसबागेला पाणी घालणं, ही कामं गटांत वाटलेली असतात आणि दर सोमवारी बदलतात. पावसाळ्यात यातलं सगळ्यात मानाचं काम म्हणजे पर्जन्यमापक. रोज ठरल्या वेळी त्यातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, फळ्यावरच्या आलेखात त्या दिवसाचा स्तंभ रंगवायचा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत येतं. ज्या मुलांनी जुलैमध्ये आलेखाचा कागद पुरेना म्हणून वर दुसरा कागद चिकटवला आहे, त्यांना ती ओळ वेगळी समजवावी लागत नाही.

नऊला सगळे गोलात बसतात. लहान-मोठे एकत्र. काल काय झालं, घरी काय पाहिलं, कुणाला काय सांगायचं आहे. कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या काकाच्या होडीचं इंजिन बिघडलं, कुणाच्या आजीला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. वरवर या गप्पा वाटतात, पण माझा अर्धा दिवस इथे ठरतो. कोण गप्प आहे, कोण झोपलेलं नाही, कोणाच्या घरी काल भांडण झालं आहे, ते इथेच कळतं. त्या मुलाला त्या दिवशी भागाकार शिकवायला गेलं तर काही हाती लागत नाही.

त्यानंतर दीड तास कामाची वेळ. मध्ये घंटा होत नाही. प्रत्येक मूल आपल्या वहीत आज काय करणार ते लिहितं, लहान मुलं चित्र काढतात. भाषा आणि गणित रोज झालंच पाहिजे, पण आधी काय, किती वेळ, एकट्याने की जोडीने, हे मूल ठरवतं. खोलीत वयाने मिसळलेले गट असतात. तिसरीतलं मूल पाचवीच्या मुलाशेजारी बसून वजाबाकी करतं आणि पाचवीचा मुलगा त्याला समजावून सांगताना स्वतःची हातच्याची गडबड सोडवून घेतो.

'शिक्षक बघत बसतात' याला माझा खरा आक्षेप आहे, म्हणून एक उदाहरण देते. एक मुलगी दुसरी संपत आली तरी वाचत नव्हती. 'कमळ', 'बदक' या शब्दांच्या पट्ट्या पुढे केल्या की उठून जायची. तिची आई मासे विकते. मुलगी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर लिलावाला जाते, आणि टोपलीतली प्रत्येक मासळी तिला नावानिशी, आकारानिशी, भावानिशी माहीत. मग आम्ही बांगडा, तारली, मांदेली, सौंदाळा, कोळंबी, बोंबील अशी नावं तिच्याकडूनच घेतली, तिनेच चित्रं काढली, खाली नावं मी लिहिली. पुढे त्या पट्ट्या मिसळायच्या, भाव लिहायचे, गिऱ्हाईक व्हायचं, पावती करायची. पावसाळा संपेपर्यंत ती इसापनीती वाचायला लागली. आता यात मी 'बघत' किती वेळ होते? तिला काय येतं हे शोधायला वेळ गेला, पट्ट्या करायला संध्याकाळी गेल्या, आणि कोणती अक्षरं अजून आली नाहीत याची नोंद रोज ठेवावी लागली. मोठा माणूस वर्गात कमी बोलतो तेव्हा त्याने घरून जास्त तयारी करून आणलेली असते. मला या धाग्यात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

दुपारचं जेवण शाळेत होतं. आठवड्यातून एकदा मोठा गट स्वयंपाक करतो. पेज, कुळथाची पिठी, परसातल्या अळूचं फदफदं असले साधे पदार्थ. पन्नास माणसांना किती तांदूळ, हा प्रश्न पुस्तकातल्या त्रैराशिकापेक्षा जास्त गंभीरपणे सोडवला जातो, कारण चुकला तर लोक उपाशी राहतात.

दुपारनंतर हातकाम, बाग, नाटक, किंवा बाहेर जाणं. आणि इथे आमचं वेळापत्रक समुद्राच्या हातात असतं. खडपातली, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांतली, कालवं, खेकडे, समुद्रफुलं पाहायची तर पाणी खूप मागे गेलेलं हवं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी हवी. तेव्हा आमच्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. त्या दिवशी शाळा पहाटे किनाऱ्यावर भरते आणि दुपारी लवकर सुटते. अष्टमीच्या आसपास भांग (छोटी भरती-ओहोटी) असते, पाणी फार हटत नाही, तेव्हा किनारा सोडून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत जायचं, तिवरांची मुळं बघायला.

यातूनच सहावी-सातवीच्या गटाला एक कोडं पडलं. इथल्या सगळ्या आजोबांना भरतीचा हिशोब येतो : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. मुलांनी त्यासाठी आजोबांकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली (माझ्या पिढीतल्या शिक्षकांनाही ती येत नाही). मग एका मुलीच्या लक्षात आलं की पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. रोज पाऊण तास पुढे जाणारी भरती त्या एकाच दिवशी दीड तास उडी कशी मारेल? आम्ही उत्तर दिलं नाही. धक्क्याजवळ खुणा केलेला बांबू रोवला आणि मुलं वेळा लिहायला लागली.

अजून पुष्कळ आहे. विचारा, जमेल तसं लिहीन.

परतीचा_पाऊस

सुरंगीताई, फार बरं वाटलं वाचून. आम्ही दोघं मुंबईत नोकरीला आहोत, गाव गुहागर तालुक्यात. मुलगी पाच वर्षांची आहे आणि गावी परतायचा विचार गंभीरपणे चालू आहे. त्यामुळे सरळ विचारते, राग मानू नका. आठवीनंतर काय? दहावी झेपते का? कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो हे दरवर्षी पेपरात वाचतो. साध्या शाळांतूनच एवढं चांगलं होत असेल तर वेगळ्या वाटेने जायचं कशासाठी? आणि इंग्रजी?

दर्यावर्दी

धाग्याच्या लेखिकेला नमस्कार. माझा मुलगा अशाच एका शाळेत सहावीत आहे (ताईंचीच शाळा असेल असं नाही). आमची होडी आहे. सुरुवातीला मला हे पटत नव्हतं, बायकोने हट्ट धरला. माझं म्हणणं होतं की मासे, जाळी हे तो घरी शिकतोच, शाळेत त्याला दुसरं काहीतरी शिकवा.

मग एका वर्षी जूनमध्ये शाळेने बोलावलं. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, आम्ही घरीच असतो, जाळी दुरुस्त करतो. म्हणाले, इथे बसून करा, मुलं बघतील. मी आणि भाऊ गेलो. मुलांनी आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, आकार मोजला. कोणत्या आसातून किती लांबीचा बांगडा निसटेल, याची कागदाचे मासे कापून चाचणी केली. एका पोरीने मला विचारलं, काका, बारीक आसाचं जाळं लावलं की पिल्लं पण येतात, मग पुढच्या वर्षी काय? हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या बैठकीत मोठी माणसं टाळतात. मी त्या दिवशी तिला प्रामाणिकपणे उत्तर दिलं आणि घरी येऊन भावाशी रात्रभर बोललो.

मुलगा घरी जे शिकतो ते हाताने शिकतो. शाळेत त्याला त्याच कामाची कारणं विचारता येतात. माझ्या बापाने मला कारण कधी सांगितलं नाही, त्याला वेळही नव्हता.

कुतूहल_देवगड

पाऊणकीचं कोडं सुटलं का? सांगा ना, मी पंचांग घेऊन बसलोय.

सुरंगी

परतीचा पाऊस, राग कसला, प्रत्येक पालक हेच विचारतो आणि विचारायलाच हवं.

आठवीनंतर मुलं गावातल्या नेहमीच्या हायस्कूलमध्ये जातात आणि बोर्डाचीच दहावी देतात. काही कुटुंबं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवतात, काही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे वळतात. आमच्याकडची बहुतेक हायस्कूलला जातात. पहिले काही महिने जड जातात, हे स्पष्ट सांगते. पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि हातातलं काम सोडावं लागतं, याचा मुलांना फार त्रास होतो. पुस्तकातली उत्तरं शब्दशः लिहायची सवय नसते. म्हणून आठवीच्या दुसऱ्या सत्रात आम्ही लेखी परीक्षेची तयारी उघडपणे करून घेतो : दोन-तीन तास बसणं, प्रश्न नीट वाचणं, वेळेत लिहिणं. परीक्षा देणं हे एक कौशल्य आहे, ते शिकवता येतं. ते सहाव्या वर्षापासून रोज शिकवायची गरज नाही, एवढंच आमचं म्हणणं.

कोकणच्या निकालाचा मला अभिमान आहे. इथल्या शिक्षकांनी आणि पालकांनी तो कष्टाने मिळवला आहे. पण तुमचा प्रश्न दहावीचा आहे आणि मुलगी पाच वर्षांची आहे. मधली दहा वर्षं तिची रोज सकाळ कशी उगवते, याचाही विचार करा.

इंग्रजी पहिलीपासून ऐकणं-बोलणं, लिहिणं नंतर. गाणी, सूचना, नाटुकली. बाकी सगळं मराठीत.

कुतूहल, हो, सुटलं, आणि मुलांनी सोडवलं. बांबूवरच्या नोंदी दोन पक्ष झाल्यावर त्यांना दिसलं की भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते. नंतर एका मुलाने उलट बाजूने हिशोब मांडला : पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथ्यांत भरती फिरून पुन्हा त्याच वेळेवर येते, म्हणजे बारा तास सरकते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं. भागिले १५, म्हणजे ४८. आजोबा ४५ धरतात. रोजची तीन मिनिटं, पंधरा तिथ्यांची पंचेचाळीस. तोच राहून गेलेला पाऊण तास. तोंडी हिशोबाला ४८ पेक्षा पाऊण सोयीची, आणि होडी काढायला तेवढा अंदाज पुरतो. मुलं हे सांगायला आजोबांकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच आम्ही पौर्णिमेला घड्याळाकडे नाही, पाण्याकडे बघायचो."

कोसबाडची

या विषयावर लिहिताना आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून हा प्रतिसाद. पर्यायी शाळा म्हटलं की लोकांना हे परदेशातून किंवा पुण्यातून आलेलं खूळ वाटतं. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं ते बोर्डीला, अगदी समुद्राकाठी. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्याआधी ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता.

मॉन्टेसरीची साधनं महाग. ती वारली पाड्यांत कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू यांतून साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी पाड्यावर नेली, लोकांच्या अंगणात भरवली. आज देशभर जो शब्द सरकारी योजनेत आहे तो अंगणवाडी हा शब्द तिथला. मोठी मुलं गुरं चारायला जात, म्हणून कुरणशाळा, म्हणजे शिक्षकच गुरांमागे कुरणात. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं, हे त्यांनी इतक्या शब्दशः केलं की आज वाचतानाही मला भरून येतं.

माझी आई त्या परिसरातली. सांगायचं हे, की हे शिक्षण सुखवस्तू मुलांसाठी सुरू झालेलं नाही. आपल्याकडे ते सगळ्यात गरीब मुलांसाठी सुरू झालं. नंतर ते शहरात जाऊन महाग झालं असेल तर तो दोष पद्धतीचा नाही.

मालवणी_आजी

खूप बरा वाटला वाचून. आमी शाळेत मालवणी बोललो तर छडी बसायची. घरातली भाषा उंबऱ्याभायर ठेवन जावचा लागा. माझी नात आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जाता, थयले गुरुजी आजीकडना गजाली आयकान लिवन आणूक सांगतत. ती माका विचारता, मी सांगतंय, ती लिवता. माझा नाव तिच्या वयीत आसा. याच्यापरास मोठा काय व्हया?

घाटमाथा

मी सांगली जिल्ह्यातला, बदलीने चिपळूणला आहे. धागा आवडला, पण दोन शंका आहेत. एक, शिस्त. मुलांनी मारामारी केली, कुणी दिवसभर काहीच केलं नाही, तर काय करता? दोन, पैसा. शिक्षकाला पगार किती मिळतो आणि फी किती असते? हे लिहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

सुरंगी

दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मारामाऱ्या होतात. पहिली गोष्ट, मारणाऱ्याला थांबवायचं आणि लागलेल्याकडे बघायचं, यात चर्चा नाही. दर शुक्रवारी मुलांची सभा असते, अध्यक्ष मूलच. भांडणं, चोरलेली पेन्सिल, लहानांना झोपाळा न मिळणं, सगळं तिथे येतं. आधी दोघांनी आपापली बाजू सांगायची, मग ज्याने पाहिलं त्याने. शिक्षा ठरवायची नाही, भरपाई ठरवायची. फाडलेली वही चिकटवून दे, उद्या त्याच्या वाटची झाडलोट कर. मोठ्यांनाही तिथे जाब विचारतात आणि उत्तर द्यावं लागतं. मारणं तर नाहीच, ते शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने सगळ्याच शाळांत बंद केलं आहे. पण घालूनपाडून बोलणं, नावं ठेवणं, दुसऱ्याशी तुलना करणं हेही नाही, आणि हे पाळणं मोठ्यांना जास्त कठीण जातं.

दिवसभर काहीच न करणारं मूल. एखाद दिवस असेल तर मी सोडते. काही दिवस चाललं तर ते माझं काम आहे. बहुधा तीन कारणं निघतात : काम फार सोपं आहे, फार अवघड आहे, किंवा घरी काहीतरी बिनसलं आहे. आळशी असं मूल मला अजून भेटलेलं नाही. ज्याला आपण आळशी म्हणतो ते बहुतेक वेळा घाबरलेलं असतं.

पैसा. फी ऐपतीप्रमाणे, चार पातळ्या. कोणी काय भरतो हे फक्त हिशोब ठेवणाऱ्या व्यक्तीला माहीत. काही पालक तांदूळ, नारळ, श्रम देतात, तेही धरलं जातं. पगार सरकारी शिक्षकाच्या जवळपासही नाही. त्यामुळे तरुण शिक्षक दोन-तीन वर्षं मन लावून काम करतात, लग्न ठरलं, घर बांधायचं आलं की जातात. मला त्यांचा राग येत नाही. पण मुलाला ओळखायला वर्ष लागतं, आणि ओळख झाली की माणूस जातो, हे या शाळांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. पद्धतीवर लोक तासन् तास बोलतात, पगारावर कोणी बोलत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आभार.

दोन_शिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, डोंगरातली वाडी, पहिली ते पाचवी. बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे.

सुरंगीताई, तुम्ही मिश्र वयाचे गट लिहिलेत. आमच्याकडे ते आपोआपच आहेत. पट वीसच्या आत, शिक्षक दोन, इयत्ता पाच. बदली, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम आलं की एकच. कोकणातल्या वाड्यांवाड्यांतल्या किती शाळा अशा आहेत ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलं मुंबईला गेली, पट घसरला, आता शाळा बंद होईल की काय ही टांगती तलवार. सगळे याला अडचण म्हणून बघतात, मीही बघत होतो. पाचवीला शिकवत असताना पहिली गोंधळ घालते, म्हणून पहिलीला पाटीवर गिरवायला देऊन गप्प बसवायचं.

पण कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिलं आहे की शिकणं कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने व्हावं, मूल भीतीमुक्त असावं, माध्यम शक्य तितकं मातृभाषेचं असावं. म्हणजे तुम्ही जे करता ते 'पर्यायी' नाही, ते खरं तर प्रत्येक शाळेचं काम आहे. आमच्या हातात जागा आहे, झाडं आहेत, गावाने दिलेली माणसं आहेत, पगारही आहे. मुलांची संख्या इतकी कमी आहे की प्रत्येकाकडे जाणं शक्य आहे. वाडीतली वीस मुलांची शाळा ही बालकेंद्री शाळा व्हायला सगळ्यात योग्य शाळा आहे, असं मला तुमचा धागा वाचताना वाटलं, आणि अशा शाळा पट कमी म्हणून बंद करायच्या बोलण्याला माझ्याकडे आजपर्यंत नुसती हळहळ होती, आता मुद्दा आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. माहिती ऑनलाइन भरा, फोटो पाठवा, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात भरा. २०२३-२४ पासून पाचवीची वार्षिक परीक्षा परत आली, तिचा पालकांवर ताण आहे. दीड तास अखंड मिळवणं सोपं नाही.

माझा एकच प्रश्न. एकटा शिक्षक, पाच इयत्ता, उद्या सकाळपासून सुरू करायचं तर पहिलं काय करू?

कुतूहल_देवगड

दोन_शिक्षकी सर, तुमच्या प्रतिसादाला माझं शंभर टक्के अनुमोदन. आमच्या वाडीतली शाळा पटासाठी गेली. लहान मुलं आता रिक्षाने जातात, पावसात ओढ्याला पाणी आलं की घरीच. वाडीत दिवसा आवाज असा उरलाच नाही.

परतीचा_पाऊस

माझ्या डोक्यात गावी जायचं म्हणजे अशी एखादी वेगळी शाळा शोधायची, एवढंच होतं. आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, चालू आहे, आणि तिचा विचारच मी केला नव्हता. सासऱ्यांना फोन करून विचारलं. पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं आणि बाई चांगल्या आहेत म्हणाले. मे महिन्यात जाऊन त्यांना भेटणार. काय विचारायचं, काय बघायचं, कुणी सांगेल का?

दर्यावर्दी

ताई, बाईंना काही विचारण्याआधी मधल्या सुट्टीत मुलांना बघा. मूल बाईंजवळ आपण होऊन जातं का, बोलतं का. मी तेवढंच बघितलं होतं.

सुरंगी

परतीचा पाऊस, दर्यावर्दी दादांनी सांगितलं त्यात एक भर : भिंतीवर काय आहे ते बघा. विकत आणलेले तक्ते आहेत की मुलांच्या हातचं काही आहे, आणि ते कुठल्या उंचीवर लावलं आहे. मात्र मेमध्ये सुट्टी लागायच्या आत जा, नाहीतर मुलं दिसणार नाहीत. आणि अकरा मुलांत तुमची बारावी झाली तर त्या बाईंना किती आधार होईल, याची कल्पना तुम्हाला मुंबईत बसून येणार नाही.

दोन_शिक्षकी सर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या शिक्षक बैठकीत वाचून दाखवला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी मिळून दिलं आहे, ते असं.

दीड तास मागू नका. परिपाठानंतरची चाळीस मिनिटं धरा आणि ती मोडू देऊ नका, फोन कपाटात. त्या वेळेत पाचही इयत्तांना एकच विषय द्या, आपापल्या पातळीचा. उदाहरणार्थ, सगळ्यांनी वाडीतल्या घरांचा नकाशा. पहिलीने घरं काढायची, तिसरीने नावं लिहायची, पाचवीने पावलांनी अंतरं मोजून प्रमाण धरायचं. जोड्या लावताना मोठं-लहान लावा, पण दर आठवड्याला बदला, नाहीतर मोठ्या मुली बिनपगारी शिक्षिका होतात. आमच्याकडे हे झालेलं आहे.

दुसरं, एक जाड वही घ्या. प्रत्येक मुलाला काही पानं. रोज फक्त तिघांबद्दल दोन-दोन ओळी लिहा : आज काय करताना पाहिलं, कुठे अडलं. हुशार, कच्चा असे शब्द लिहायचे नाहीत, जे दिसलं ते लिहायचं. वीसच्या आत पट म्हणजे दीड आठवड्यात प्रत्येकाची एक नोंद होते. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी तुम्हाला नाहीतरी भराव्याच लागतात, त्या याच वहीतून उतरतील, वेगळं लिहावं लागणार नाही.

पाचवीच्या परीक्षेचं पालकांशी आत्ताच बोलून ठेवा, फेब्रुवारीत नाही.

आमच्या वहीची चार पानं नावं झाकून फोटो काढून ठेवली आहेत. संपर्कातून निरोप पाठवा, देते. आणि लावणीच्या आठवड्यात तुमची मुलं शेतावर जाणारच, तर त्या दिवसांत आमच्या मोठ्या गटाला घेऊन तुमच्या वाडीत आलो तर चालेल का? तरवा (भाताची रोपं) उपटायला हात लागतात, आणि आमच्या खाऱ्या जमिनीकडच्या मुलांनी डोंगरउतारावरची भातखाचरं पाहिलेली नाहीत.

दोन_शिक्षकी

चालेल काय, जरूर या. जुलैचा दुसरा आठवडा धरा, पाऊस कसा लागतो त्यावर दोन-चार दिवस मागेपुढे. पोरांना इरली इथे मिळतील, पण जुने कपडे जोडीला आणा. जेवणाचं मी वाडीत बोलतो. निरोप पाठवला आहे.